रसद तुटते तेव्हा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गिरिजा नदीच्या खोऱ्यातले गाव. मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या कानावर त्याचे नाव आलेले असण्याचे काही कारण नाही. निजामी अमदानीत ते औरंगाबाद जिल्ह्याच्या दप्तरात होते, सप्टेंबर १९४८ मध्ये ती अमदानी संपली, १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा तालुक्यासह त्याचे कागद तिकडे गेले, आणि या साऱ्या घडामोडींत येथील कास्तकाराच्या पेरणी-काढणीचा क्रम मात्र पावसाच्या मर्जीवर जसा चालावयाचा तसाच चालत राहिला. कापूस, मका, सोयाबीन, थोडे आले, थोडी मिरची, विहिरीला पाणी टिकले तर रब्बीचे एखादे पीक, असा हा मुलूख.

परंतु येथील एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या घरातील जिनसांची झडती घेतली, तर अर्धे जग त्याच्या ओसरीवर येऊन बसलेले आढळेल. कोपऱ्यात रचलेल्या डीएपीच्या गोणीतील स्फुरदाचे मूळ मोरोक्कोच्या अथवा जॉर्डनच्या खाणीत असावयाचे. पालाश रशिया, बेलारूस किंवा कॅनडा येथून जहाजाने आलेले. फोडणीचे पामतेल इंडोनेशियातले. नव्या स्लॅबमधली सळई जालन्याच्याच भट्टीतून निघालेली, पण ज्या भंगारातून ती ओतली गेली त्याचा काही हिस्सा न्हावाशेवा बंदरात उतरून आलेला. आणि त्याने स्वतः वेचून मोंढ्यावर घातलेला कापूस जिनिंगमधून गाठ होऊन, गाठीचे सूत होऊन, कदाचित बांगलादेशातील गिरणीपर्यंत जावयाचा. इतकी लांब आणि इतक्या अनोळखी हातांतून जाणारी ही साखळी अधूनमधून तुटते याचे आश्चर्य वाटावयास नको. ती बहुतेक दिवस अखंड राहते हेच खरे आश्चर्य होय.

गेल्या काही वर्षांत ती वारंवार तुटली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मार्च २०२१ मध्ये एक अवाढव्य जहाज सुएझच्या कालव्यात आडवे होऊन सहा दिवस अडकले. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनने खतांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. आणि २०२३ सरता सरता तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे नाशिकच्या द्राक्षांनाही युरोप गाठण्यासाठी आफ्रिकेस वळसा घालावा लागला. अशा प्रत्येक प्रसंगानंतर शहरांतील सभागृहांत परिषदा भरतात, आणि आपत्ती हीच संधी होय असे तेथे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. हे विधान अगदीच खोटे नव्हे. पण ते इतके सोयीचे आहे की त्याची उलटतपासणी केल्यावाचून ते स्वीकारू नये. संधी कोणाला मिळाली, आणि ती येण्यापूर्वी त्याने काय करून ठेवले होते, हे दोन प्रश्न विचारले की निराळेच चित्र दिसू लागते. आणि ते पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, हसनाबादेपासून तासा-दोन तासांच्या अंतरात त्याचा पुरावा विखुरलेला आहे.

या भागाला व्यापाराची ओळख नवी नव्हे. तालुक्याचे ठिकाण भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनीकडे जाणाऱ्या वाटेवरील हे नगर इतके संपन्न होते की सांची आणि भारहूत येथील स्तूपांना देणगी देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख येतो, आणि तेथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य पाहून विद्वानांनी या दोन नगरांमधील व्यापाराबद्दल पुष्कळ लिहिले आहे. त्याच काळातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. आणि त्याच ग्रंथात असेही लिहिले आहे की कल्याणचे बंदर राजकीय वैरामुळे अडविले गेल्याने तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात. म्हणजे बंदर बंद पडणे आणि माल दुसऱ्या वाटेने वळविणे हा उद्योग या मुलुखाने दोन सहस्र वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे.

अर्वाचीन काळातील पहिला मोठा खंड पडला तो १८६१ साली, आणि तो येथून हजारो कोस दूर पडला. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि ज्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेतून येत असे त्या गिरण्यांची चाके थांबू लागली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि निजामाचा मराठवाडा येथील आखूड धाग्याचा कापूस, ज्याला विलायतेतील गिरणीवाले ‘सुरती’ म्हणून नाक मुरडीत, त्याला एकाएकी सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग कित्येक पटींनी चढले. आणि कापसात दगड-माती, सरकी व पाणी मिसळण्याचा धंदाही इतका बोकाळला की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. नवनिर्मिती सर्व बाजूंनी होते, लबाडीच्या बाजूनेही होते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

आता तारखांकडे पाहावे. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी अमेरिकेवरील अवलंबन धोक्याचे आहे हे ओळखून १८५७ सालीच मँचेस्टर येथे कापूस पुरवठा मंडळ स्थापन केले होते. युद्ध पेटण्याच्या चार वर्षे आधीपासून ते हिंदुस्थानातील रस्ते, बियाणे आणि बंदरे यांविषयी सरकारच्या मागे लागले होते. तयारी होती, पण ती तिकडची आणि तिकडच्यांसाठी होती. इकडच्या कुणब्याजवळ कोणती तयारी होती? भाव चढले तेव्हा सावकाराने त्याला सढळ हाताने उचल दिली, कारण तारण म्हणून उभे पीक पुरेसे होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, जुलैच्या पहिल्या तारखेस मुंबईच्या बाजारात वायद्यांची पूर्तता करण्याची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, कापसाचा भाव उतरत गेला, आणि कर्जरोखा तेवढा कुणब्याच्या नावावर राहिला. दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांच्या सरकारी चौकशीत या कापसाच्या तेजी-मंदीचा उल्लेख कारणांमध्ये आला. संधी त्याच्या दारापर्यंत आली खरी. परंतु जिनिंग त्याचे नव्हते, भांडवल त्याचे नव्हते, वायदा त्याला ठाऊक नव्हता, आणि म्हणून ती त्याच्या अंगणातून जाऊन पुन्हा समुद्रापार निघून गेली.

दुसरा खंड पडला तो १९१४ साली, आणि त्याची हकीकत अधिक सुखद आहे. औंध संस्थानच्या माळरानावर, कुंडल स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली नांगरांचा कारखाना उभा केला होता. जमीन आणि आधार दिला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला तो नांगर विकत घ्यावयास लावणे हेच मोठे काम होते, आणि ते कोठे मार्गाला लागते तोच युरोपात युद्ध सुरू होऊन विलायतेतून येणारे लोखंड, कोळसा आणि रंग यांची आवक आटली. लक्ष्मणरावांनी काय केले? कोळशाऐवजी लाकडावर चालेल अशी भट्टी स्वतः आखली. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या स्नेह्याकडून देशी वनस्पतिजन्य द्रव्यांचा रंग करवून घेतला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने त्या संस्थानातील किल्ल्यांवर गंजत पडलेल्या जुन्या तोफा विकत घेऊन त्या वितळविल्या आणि त्यांतून शेतीची अवजारे ओतली. आणि म्हैसूरचे दिवाण विश्वेश्वरय्या यांच्याकडूनही लोखंड मिळविले. तोफेचा नांगर झाला ही गोष्ट पुढे अनेकांनी अलंकारिक भाषेत सांगितली आहे; प्रस्तुत लेखकास तीत काव्यापेक्षा धातुशास्त्र अधिक दिसते. तोफेचे लोखंड वितळवून नांगराच्या फाळाजोगे ओतणे हे काम १९१४ साली प्रथमच हातात भट्टी घेणाऱ्या माणसाला साधले नसते.

त्याच औंध संस्थानात, कराडजवळ, १९१६ साली ओगल्यांचा काचकारखाना निघाला, आणि पुढे ज्याच्या उजेडात महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या शिकल्या तो प्रभाकर कंदील तेथून आला. युद्धामुळे जर्मनी व ऑस्ट्रिया येथून येणाऱ्या चिमण्या, बांगड्या आणि बरण्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे बाजार मोकळा होता हे खरे. पण अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाने तळेगावास १९०८ सालीच काचकारखाना काढून तरुणांना भट्टीपुढे उभे केले होते, म्हणून काच फुंकण्याची विद्या महाराष्ट्रात अगदीच अपरिचित राहिली नव्हती. १९०८ आणि १९१०, युद्ध १९१४. ज्यांना आपण युद्धाने घडविलेले उद्योग म्हणतो, त्यांचा पाया युद्धाच्या चार-सहा वर्षे आधी, कोणतीही आपत्ती डोळ्यांसमोर नसताना, आणि बहुधा तोटा सोसून घातला गेला होता. दुसऱ्या महायुद्धात यंत्रांची आयात थांबली तेव्हा किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे करण्याचा कारखाना काढला, तोही तीस वर्षांच्या ओतकामाच्या बळावर.

याच जातीचे एक उदाहरण जपानचे आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये टोयोटाच्या मोटारींना लागणारा ब्रेकचा एक लहानसा भाग पुरविणाऱ्या आयसिन कंपनीचा कारखाना जळाला, आणि गोदामात माल साठवायचा नाही असा दंडक असलेल्या टोयोटाचे जपानमधील कारखाने एकामागून एक थांबले. परंतु आठवड्याच्या आत ते पुन्हा सुरू होऊ लागले, कारण इतर पुरवठादारांनी, त्यांत शिलाईयंत्रे करणारी कंपनीही होती, आपापल्या यंत्रांवर तो भाग करून दिला. करार, किंमत, नफा यांची बोलणी मागाहून झाली. असा विश्वास आग लागल्यावर निर्माण करता येत नाही.

जालन्याकडे वळावे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. ती कापसाच्या आणि धान्याच्या मोंढ्यामुळे रूढ झाली असावी, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला निराळाच अर्थ प्राप्त झाला. १९६५ आणि १९६६ ही दोन वर्षे देशाला लागोपाठ अवर्षणाची गेली. अमेरिकेहून येणारा पीएल-४८० चा गहू हाच आधार होता, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी तो मुद्दाम थोडा थोडा, महिन्याच्या हिशेबाने सोडण्याचे धोरण ठेवले होते. जहाज बंदरास लागले की धान्य थेट रेशनच्या दुकानात जावयाचे, अशी ती तारेवरची कसरत होती. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपणास फासावर द्यावे, अशा अर्थाची प्रतिज्ञा जाहीरपणे केली. पण प्रतिज्ञेने ज्वारी उगवत नाही, बियाणे लागते.

ते बियाणे जालन्यात तयार होण्याच्या वाटेवर होते. हिंगोलीत १९३१ साली जन्मलेले बद्रीनारायण बारवाले हे जालन्यातील शेतकरी-व्यापारी. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेने काढलेल्या ‘पुसा सावनी’ या केवडा रोगाला दाद न देणाऱ्या भेंडीचे बियाणे त्यांनी १९६० च्या सुमारास मिळविले, आपल्या शेतात वाढविले, आणि त्यातून त्यांच्या हे ध्यानात आले की भेंडी विकण्यापेक्षा भेंडीचे खात्रीचे बी विकणे हा स्वतंत्र उद्योग होऊ शकतो. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम निघाले. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात प्रसृत झाली. त्याच वर्षी बारवाल्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. पुढच्या वर्षी एचबी-१ ही संकरित बाजरी आली, आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. पुन्हा तारखा पाहाव्या. दुष्काळाने बियाण्याला गिऱ्हाईक दिले. बी मात्र दुष्काळाच्या एक पाऊल पुढे होते.

या उद्योगाची सर्वांत मोठी करामत प्रयोगशाळेत नव्हती, ती शेताच्या बांधावर होती. संकरित बियाण्यासाठी नर आणि मादी अशा दोन वाणांच्या ओळी ठरलेल्या प्रमाणात लावाव्या लागतात, परक्या परागापासून त्या वाचवाव्या म्हणून आसपासच्या पिकापासून विलगीकरणाचे अंतर राखावे लागते, वेगळे दिसणारे प्रत्येक झाड उपटून टाकावे लागते, आणि कापसासारख्या पिकात तर प्रत्येक फुलाचे पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग त्यावर लावावा लागतो. हे ‘क्रॉसिंग’ करणारी बोटे बहुतांशी बायकांची, आणि ते काम सैन्याच्या शिस्तीने न झाल्यास संपूर्ण प्लॉट नापास. कंपनीच्या मालकीच्या हजारो एकर जमिनीवर हे करण्यापेक्षा शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याला पायाभूत बियाणे देऊन, ठरलेल्या भावाने, तपासनिसांच्या देखरेखीखाली करवून घेण्याची जी पद्धत बारवाल्यांनी बसविली, तिने जालन्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना बीजोत्पादन शिकविले. पुढे त्या शहरात बियाण्याच्या कंपन्यांची रांग लागली, शेजारच्या देऊळगाव राजापर्यंत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बी पिकू लागले, आणि १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ साली ते वारले.

या यशाला दुसरी बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. एकाच वाणाची संकरित बाजरी देशभर पसरली तेव्हा तिच्यावर गोसावी रोगाचा असा घाला पडला की एचबी मालिकेतील वाण एकामागून एक निकामी झाले. हायब्रीडची भाकर चवीला कमी ही आजीबाईंची तक्रार तर आजही ऐकू येते, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. शिवाय जो शेतकरी पूर्वी आपल्या कणगीतले बी पेरीत असे तो दरसाल दुकानावर जाऊ लागला. एक अवलंबन सुटले, दुसरे पत्करावे लागले.

आता रेशमाची हकीकत सांगतो, आणि ती सविस्तर सांगतो, कारण या जिल्ह्यात ती सध्या घडत आहे. मराठवाड्यातील अवर्षणाला कंटाळलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत एकर-दीड एकर तुती लावली. तुतीला उसाच्या मानाने फारच थोडे पाणी लागते, आणि लागवडीला रोजगार हमीतून मजुरी मिळते. जी योजना १९७२ च्या दुष्काळात, लोक परदेशी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढीत असताना, वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रभर उभी राहिली, तिच्याच वारसदार योजनेने आज तुतीच्या बागा उभ्या कराव्यात हा इतिहासाचा एक चांगला योग म्हणावयाचा. शेतकरी अंडीपुंज आणतो, किंवा चॉकी केंद्रातून दोन कात टाकलेल्या लहान अळ्या आणतो. संगोपनगृहातील रॅकवर त्यांना तुतीच्या फांद्या दिवसातून दोन-तीनदा घालतो. चौथी कात टाकल्यानंतर त्या इतक्या खातात की घरातील सर्व माणसे पाल्याच्या मागे लागतात. आणि महिन्याच्या आत त्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, चढून कोष विणतात. याला सर्वजण ‘बॅच’ म्हणतात. वर्षाला चार-पाच बॅच निघाल्या तर कोरडवाहू कापसापेक्षा हिशेब निश्चित बरा लागतो.

अडचण पुढे आहे. कोष विणून झाल्यावर आठ-दहा दिवसांत आतील कोशिताचा पतंग होतो आणि तो कोषाचे टोक फोडून बाहेर येतो. कोष फुटला की त्याचा अखंड धागा निघत नाही, आणि मग त्याला किंमत राहत नाही. म्हणजे कापूस घरात महिनाभर राखता येतो, तूर वर्षभर राखता येते. कोषाचा मालक मात्र दिवस मोजीत बसतो. आणि त्याचा मोठा बाजार होता कोठे? कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरला. भोकरदन तालुक्यातील शेतकऱ्याने आपल्या गोण्या शेजाऱ्यांच्या गोण्यांबरोबर गाडीत टाकाव्यात, रात्रंदिवस प्रवास करावा, अनोळखी भाषेच्या लिलावात पडेल तो भाव घ्यावा. आणि तेथे त्या कोषांचे सूत होऊन त्यातले काही पुन्हा महाराष्ट्रात, येवल्याच्या पैठणीच्या मागावर यावे. येवल्याचे विणकर वर्षानुवर्षे कर्नाटकाच्या व चीनच्या सुतावर विणीत आले. ज्या पैठणच्या नावाने ते वस्त्र ओळखले जाते, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यातील कोष मात्र दक्षिणेत जात होता.

जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीने २०१८ साली राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू केली. तेव्हा कोणालाही साथीची कल्पना नव्हती. दोन वर्षे पुरती झाली नाहीत तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा अडल्या, लग्ने लांबली, माग थांबले, आणि रेशमाला उठाव उरला नाही. भाव सर्वत्र उतरले. बाजार जवळ असल्याने भाव चढत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोष रस्त्यावर फुटण्याचे भय कमी होते, इतकेच. पण नाशवंत मालाच्या व्यापारात तेवढेच पुष्कळ असते. नंतर चक्र फिरले, देशी रेशमाचे भाव वर गेले, आणि ज्यांनी त्या पडत्या महिन्यांत तुती उपटून टाकली नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला. जालन्यात कोषापासून सूत काढणारे स्वयंचलित यंत्र बसले. पुढे बारामती, बीड अशा ठिकाणीही कोषांची खरेदी होऊ लागली.

रेशमाच्या बाबतीत जगाने एक धडा पूर्वी दिलेला आहे. १९४१ साली अमेरिका आणि जपान यांचा व्यापार तुटला, तेव्हा अमेरिकेतील बायकांच्या मोज्यांना आणि सैन्याच्या हवाई छत्र्यांना लागणारे जपानी रेशीम बंद झाले. पण ड्यू पाँ कंपनीने नायलॉनची घोषणा १९३८ सालीच केली होती, आणि १९४० च्या मे महिन्यात नायलॉनचे मोजे दुकानांतून विकलेही गेले होते. युद्धानंतर जपानला ती बाजारपेठ पूर्वीच्या स्वरूपात कधीच परत मिळाली नाही. पुरवठा तुटतो तेव्हा गिऱ्हाइकाला जशी पर्यायाची संधी मिळते, तशी पुरवठादाराच्या मरणाचीही तारीख ठरू शकते. आपत्तीला संधी म्हणणारे वक्ते ही दुसरी बाजू बहुधा गाळतात.

जालन्याच्या पोलाद उद्योगाविषयी थोडक्यात लिहितो. ज्या शहराजवळ ना लोहखनिज ना कोळसा, तेथे सळईचे कारखाने वाढावेत हे मोठे कौतुक. पण तो उद्योग भंगार आणि वीज या दोन गोष्टींच्या दरावर जगतो. त्याच्यासाठी ज्या कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ साली झाली, त्याचे काम इतकी वर्षे रेंगाळावे हे काही तयारीचे लक्षण नव्हे. जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग मात्र जून २०२५ मध्ये नागपूरपासून मुंबईकडे पूर्ण खुला झाला.

हसनाबादच्या परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी टंचाई म्हणजे खताची. पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळत नाही, मिळाले तर त्याबरोबर नको असलेली दुसरी एखादी पुडी घ्यावी लागते. या जुलमाला सगळ्या मराठवाड्यात ‘लिंकिंग’ म्हणतात. कृषी खाते सांगते की डीएपीच्या ऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट आणि युरिया द्या, सुपरमध्ये गंधक असल्याने सोयाबीनला ते उलट अधिक मानवते. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे, आणि ज्यांनी टंचाईत तो पाळला त्यांतील काहींनी पुढे टंचाई नसतानाही तो सोडला नाही. बियाण्याचा अनुभव याहून बोलका आहे. २०१९ च्या काढणीत पावसाने सोयाबीन भिजले, त्याचे बी २०२० च्या खरिपात अनेक ठिकाणी उगवले नाही, तक्रारींचा पाऊस पडला, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर घरचे बियाणे राखण्याची मोहीम जोरात निघाली. गोणपाट ओले करावे, त्यावर शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून ठेवावी, आठवड्याने मोजावे. सत्तर उगवले तर बी पेरणीजोगे, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. सोयाबीन सरळ वाणाचे पीक असल्यामुळे हे शक्य आहे. यात नवीन शोध कोणताच नाही. आजोबांना जे येत होते ते नातवाला मोडक्या पुरवठ्याने पुन्हा शिकविले, आणि बियाण्याची राजधानी म्हणविणाऱ्या जिल्ह्यातच ते शिकवावे लागले.

म्हणून भोकरदन तालुक्यातील तुती-उत्पादकांना, बाजार समितीला आणि रेशीम खात्याला एक सूचना करावीशी वाटते. कोष गरम हवेत सुकवून आतील कोशित निर्जीव केला की तो महिनोन्‌महिने टिकतो, आणि विकण्याचा दिवस पतंगाऐवजी शेतकरी ठरवू शकतो. हे तंत्र जुने आहे, त्यात कोणतेही गूढ नाही, आणि पाच-पंचवीस शेतकऱ्यांच्या गटाला सरकारी साहाय्य मिळाले तर त्याचा खर्च पेलण्याजोगा आहे. हसनाबाद, राजूर किंवा भोकरदन यांपैकी सोयीच्या ठिकाणी कोष सुकविण्याची अशी सामुदायिक व्यवस्था करावी, तिच्या पावतीवर बँकेने किंवा पतसंस्थेने उचल द्यावी, म्हणजे कोष राखून ठेवणाऱ्याला घरखर्चासाठी सावकाराकडे जावे लागणार नाही. आणि हे सर्व भाव बरे असताना, बाजार चालू असताना, कोणतीही सीमा बंद नसताना करावे. त्यासाठी पुढील टाळेबंदीची वाट पाहू नये.